धीर देणे म्हणजे काय?



गावचा सरपंच असो, शाळेचे मुख्याध्यापक असोत, दूध सोसायटीचा चेअरमन असो, नाहीतर दहा माणसं हाताखाली घेऊन विहीर खणणारा मुकादम असो, एक प्रसंग या सर्वांवर केव्हा ना केव्हा येतोच. हाती घेतलेलं काम फसतं, आणि सगळी माणसं त्याच्या तोंडाकडे पाहू लागतात. अशा वेळी त्यानं काय करावं?

काही वर्षांपूर्वी हा प्रसंग माझ्यावरच आला. आमच्या कॉलेजच्या मुलांचं श्रमसंस्कार शिबिर एका खेड्यात भरलं होतं. पाच दिवस खपून मुलांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरली आणि ओढ्यावर वनराई बंधारा घातला. त्याच रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी जाऊन पाहतो तो बंधारा फुटलेला! मुलांचे चेहरे उतरले. मी घाईघाईनं म्हणालो, "काही बिघडलं नाही रे, सगळं छान होईल." कोणी जागचं हललं नाही. बंधारा डोळ्यांदेखत वाहून गेलाय, आणि सर म्हणतात काही बिघडलं नाही!

तेवढ्यात गावचे एक म्हातारे शेतकरी पुढे झाले. वाकून त्यांनी काठ पाहिला आणि म्हणाले, "सर, पाणी वरून न्हाई गेलं, कडंनं गेलंय. काठात चर खणा आन् पोती आत दाबून बसवा." एवढं ऐकलं मात्र, चार पोरांनी कुदळी उचलल्या.

आता पाहा, धीराचा शब्द मी बोललो होतो. पण मुलांना धीर आला तो त्या म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. त्यांनी नुकसान झाकलं नाही. पाणी कुठून गेलं ते दाखवलं आणि पुढचं काम हातात दिलं.

या अनुभवानंतर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र मी पुन्हा एकदा वाचलं. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथं कळलं की आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा घाव कोणता? पण रंग गेले तरी रेषा शाबूत होती. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठलं आणि भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं. तिथून ते यंत्रांकडे वळले. आधी कडबा कापण्याचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! माल पडून आहे, कामगारांचा पगार तर चुकत नाही. "आमचे शेतकरीच अडाणी," म्हणून हात झटकणं किती सोपं होतं! पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याची सारी पुंजी म्हणजे ती जमीन. तिच्याशी खेळ करायला तो कचरणारच. घेणाऱ्याची भीती खोटी न मानता आपला माल टिकवून धरायचा, याला चिकाटी म्हणतात.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं आणि नवं संकट आलं. बेळगावला कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी, म्हणून ती सोडण्याची पाळी आली. त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला देवळाचा मंडप बांधत होते. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावलं. कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली कारखाना तिथं हलला. जमीन कसली? नुसता निवडुंग आणि साप! तरीही पंचवीस कामगार आपली बायकामुलं घेऊन त्या माळावर राहायला आले. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

मला नवल वाटतं ते या पंचवीस घरांचं. नुसत्या गोड बोलण्यावर कोणी पोराबाळांना सापांच्या माळावर नेत नाही. पण मालकाचं बिऱ्हाडही तिथंच होतं. जो निवडुंग कामगारांच्या दारात, तोच मालकाच्या दारात. पुढे या वाडीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. आशावाद म्हणतात तो हा. उद्याचा दिवस चांगला असेल असं म्हणायला काही पडत नाही. समोरचा माणूस चांगला निघेल असं धरून त्याच्या हाती किल्ल्या द्यायला मात्र छाती लागते.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. राजेसाहेबांची जमीन आणि पैसा मिळाला नसता, तर एकट्या हिमतीनं कारखाना उभा राहिला नसता. म्हणून पुढाऱ्यानं मदत मागायला लाजू नये. आणि ज्याचा पगार तीन महिने थकला आहे त्याला "धीर धरा" एवढंच सांगू नये. त्याला हिशेब दाखवावा, तारीख सांगावी, आणि आपलाही पगार थकला असेल तर तेही सांगावं. हाताखालच्यांच्या सोसण्यावर आपली आशा पोसणं हा आशावाद नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातली निम्मी मुलं गणितात नापास झाली, तर "पुढच्या वेळी बघू" म्हणू नका आणि "ही पोरंच तशी" असंही म्हणू नका. उत्तरपत्रिका पुढ्यात घ्या आणि पाणी कुठून गेलं ते पाहा. कदाचित अपूर्णांकांपाशीच काठ खचला असेल.

आमचा बंधारा शिबिराच्या शेवटच्या दिवशी पुन्हा उभा राहिला. दोन महिन्यांनी मी मुद्दाम बघायला गेलो. मागे गुडघाभर पाणी होतं. एका कडेची पोती थोडी खचलेली दिसली, पण त्यांवर कोणीतरी नवी चार पोती रचली होती. विचारलं तेव्हा कळलं, ती आमच्या मुलांची नव्हती. गावच्या पोरांनी आपणहून आणून टाकली होती.