"आता काही करता येणार नाही" हे खरे नव्हे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



मी डॉक्टर नव्हे, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. आमच्याकडे डबा बिघडला की तो सिक लाइनवर जातो आणि दुरुस्तीपलीकडे गेला की कंडम होतो. डब्याचे ते ठीक आहे. पण माणसाबद्दल "आता काही करता येणार नाही, घरी न्या" असे सांगतात तेव्हा काय करायचे? आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याला कॅन्सर झाला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बरे होणार नाहीत हे समजले हो. पण रात्रभर कण्हतात, त्याचे काय करू?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका डॉक्टरांनी आयुष्य घातले. ते म्हणजे केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल. ते कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात भूलतज्ज्ञ होते. त्यांनी स्वतः सांगितलेली एक हकिकत आहे. कॅन्सरने ग्रस्त अशा एका प्राध्यापकांची वेदना त्यांनी इंजेक्शनने थांबवली. पण आपला रोग बरा होणारा नाही, हे त्या गृहस्थांना तेव्हाच कळले आणि घरी जाऊन त्यांनी जीवन संपवले. डॉक्टरांना उमगले की आपण नस पाहिली, माणूस पाहिला नाही.

१९९३ मध्ये डॉ. सुरेश कुमार आणि अशोक कुमार या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी त्याच कॉलेजात बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. खाट अडवायची नाही. रुग्णाने यावे, औषध घ्यावे, मन मोकळे करावे आणि घरी आपल्या माणसांत राहावे. यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

मोठी अडचण मॉर्फिनची होती. अफूची कायदेशीर शेती आपल्याच देशात होते, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांचे जंजाळ झाले आणि रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडले. राजगोपाल आणि इतरांनी चिकाटीने पाठपुरावा केला. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि अनेक परवान्यांऐवजी एक पुरेसा झाला. २००३ मध्ये त्यांनी 'पॅलियम इंडिया' ही संस्था काढली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या सहकाऱ्याचा मुलगाही मॉर्फिनचे नाव ऐकून दचकला, "बाबांना व्यसन लागेल!" डॉक्टरांनी समजावले की वेदनेसाठी, ठरल्या वेळी, देखरेखीखाली दिले तर ती भीती फार थोडी, बद्धकोष्ठ मात्र होतो, म्हणून सोबत त्याचे औषध हवेच. पुढे ते गृहस्थ रात्री झोपू लागले, नातवाशी बोलू लागले. रोग होताच, पण माणूस घरच्यांना परत मिळाला.

ही सेवा शेवटच्या आठवड्यासाठीच असते, हा समज चुकीचा आहे. २०१० मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले, नैराश्य कमी राहिले आणि आयुष्यही सुमारे पावणेतीन महिने जास्त लाभले.

आपल्या बंगळूरमध्ये होसूर रस्त्याजवळचे किदवाई आपल्याला जवळचे. वर्तूर रस्त्यावरची 'करुणाश्रय' संस्था १९९९ पासून असाध्य कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य ठेवून घेते. घरी जाऊनही सेवा देते. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील गावाकडे असतात. त्यांच्यासाठी मुंबईत टाटा रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह विभाग आणि वांद्र्याचे 'शांती आवेदना सदन' आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र आहे.

माझी विनंती एवढीच. गंभीर आजाराचे निदान झाले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, "पॅलिएटिव्ह केअरच्या ओपीडीची चिठ्ठी द्याल का?" हे विचारणे म्हणजे हार मानणे नव्हे. आणि मंडळातल्या तरुणांनो, मांडव घालायला जसे धावता, तसे आठवड्यातून दोन तास एखाद्या रुग्णाजवळ बसा. घरच्या बाईला तेवढा वेळ डोळा लागला, तरी बाप्पाची सेवा घडली असे मी समजेन.

गणपती बाप्पा मोरया!