रंगाच्या आधी रिंग तपासा



आज मोटरसायकलच्या चाकाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, ताई, हा तर पोरांचा विषय. पण गाडी घरात एकच असते. तिच्यावरूनच आपण दवाखान्यात जातो, बँकेत जातो, आठवडी बाजार करतो. आणि चाकाला रंग मारायला पोरगा पैसे मागतो, तेव्हा ते बऱ्याचदा गटाच्या अंतर्गत कर्जातूनच जातात. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आपल्याकडे केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागातली कितीतरी घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. काही जण गाडी सोबत नेतात. तिकडे फडातला चिखल आणि रोजचं दव. काहींची गाडी इथंच अंगणात सहा महिने उभी राहते. मग चाकाच्या चकचकीत रिंगवर तांबूस ठिपके दिसायला लागतात. हल्ली कारखान्यातूनच काळ्या चाकांच्या गाड्या येतात. ते बघून पोरं म्हणतात, "आई, आपली पण रिंग काळी करू, गंज झाकून जाईल."

गंज झाकतो, पण थांबत नाही. का थांबत नाही, ते सांगते.

ही रिंग लोखंडाची, म्हणजे पोलादाची असते. तिच्यावर आधी निकेलचा आणि त्यावर क्रोमचा थर चढवलेला असतो. चमक क्रोमची, पण तो थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. या थराला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी आत जातं आणि खालचं लोखंड गंजतं. म्हणजे आपल्याला दिसतो तो ठिपका आतून वर आलेला असतो.

दुसरी गोष्ट, क्रोम काचेसारखं गुळगुळीत असतं. सारवलेली भिंत रंग धरते, स्टीलचं ताट धरत नाही, तसंच हे. नुसता स्प्रे मारला की आठ दिवस छान दिसतं. मग पंक्चर काढताना टायरची पट्टी लागली की रंगाचा पापुद्रा निघतो. त्या पापुद्र्याखाली पाणी साचतं आणि गंज आणखी वाढतो.

म्हणून पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. गाडी मधल्या स्टँडवर लावा आणि चाक हातानं फिरवा. ते डावीउजवीकडे डुलत असेल, तर आधी मेकॅनिककडून चाकाचा आऊट काढून घ्या. मग पान्यानं एकेका स्पोकवर हलकं टिचकावा. घट्ट स्पोक टणटण वाजतो, सैल स्पोक बद्द वाजतो. तुटलेला एकही स्पोक तसाच ठेवू नका. तिसरं, गंजाच्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. खपल्या निघत असतील, खड्डा पडला असेल किंवा तडा दिसत असेल, तर ती रिंग बदलायची. तिथं रंग मारणं म्हणजे कुजलेल्या वाशाला चुना लावणं. त्या गाडीवर पुढं पोरगा आणि मागं कडेवर लेकरू घेतलेली सून बसणार असते.

गंज वरवरचा असेल, तर कदाचित रंगाची गरजच नाही. पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद असतो ना, त्याचा बोळा पाण्यात बुडवून ठिपक्यावर घासा. बराचसा गंज निघतो. मग पुसून, वाळवून गाडीचं मेणाचं पॉलिश लावा. एवढ्यावर काम भागत असेल, तर कर्ज कशाला काढायचं?

रंग द्यायचाच ठरला, तर तो असा द्यावा. चाक काढून टायर-ट्यूब पंक्चरवाल्याकडून उतरवून घ्यावी, कारण पाणी आतल्या बाजूलाच जास्त साचतं. साबणानं धुऊन सगळं ग्रीस काढावं. मग पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासायचं. गंजावर १२० नंबरचा जाड पेपर, नंतर सगळीकडे ३२० किंवा ४०० नंबरचा. रिंगमध्ये आपलं तोंड दिसायचं बंद होईपर्यंत घासायचं. या कामात निम्म्याहून जास्त कष्ट घासण्याचेच आहेत, आणि रंग टिकतो तो त्यावरच. वाळल्यावर थिनरच्या फडक्यानं पुसायचं, मग उघड्या हातानं शिवायचं नाही. त्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, डब्यावरच्या मापानं मिसळून. मग रंगाचे पातळ दोन-तीन हात. दोन हातांमध्ये किती थांबायचं, ते डब्यावर लिहिलेलं असतं. ब्रेकच्या ड्रमच्या आत, डिस्कवर आणि बेअरिंगवर रंगाचा थेंबही जाता कामा नये. तिथं आधीच टेप लावा, नाहीतर ब्रेक लागणार नाही. पावसाळी, दमट दिवशी हे काम काढू नका.

कारागिराकडे दिलंत, तर त्याला एवढंच विचारा: टायर काढणार का, घासणार का, प्रायमर कोणता? उत्तर नीट आलं नाही, तर पुढच्या दुकानात चला. घासून झालेली रिंग प्रायमरच्या आधी एकदा डोळ्यांनी बघून या.

आता तब्येतीचं. घराच्या रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, गाडीच्या रंगांना नाही. शिसं लेकरांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक असतं. म्हणून हे काम उघड्यावर, चुलीपासून लांब करावं. गरोदर बाई आणि लहान मुलं तिथं नकोत. पदर तोंडाला बांधून थिनरची वाफ अडत नाही, त्यासाठी वासाचा फिल्टर असलेला मास्क लागतो. कोरडं घासू नका, ग्राइंडर लावू नका, धूळ छातीत जाते. संडास साफ करायच्या ॲसिडनं क्रोम काढायचा खटाटोप तर अजिबात नको. त्याच्या वाफेनं डोळे आणि छाती भाजते. घासलेलं पाणी हापशाजवळ किंवा आडाजवळ ओतू नका.

मैत्रिणींनो, पोराची हौस मोडा असं मी म्हणत नाही. हौस असावीच. पण पुढच्या बैठकीत चाकाच्या रंगासाठी कर्जाची मागणी आली, तर सहीच्या आधी विचारा: चाक फिरवून बघितलं का, स्पोक वाजवून बघितले का? रंगाचे पैसे आधी स्पोकला लागले, तर चाक थोडे दिवस तांबूस दिसेल, दिसू द्या. घरी गेल्यावर आजच आपल्या गाडीचं चाक एकदा फिरवून बघा.