जलविहार : आनंद आणि दक्षता

पवना नदीच्या खोऱ्यातील शिरगाव आणि आसपासच्या मावळ मुलखाला पाण्याचा शेजार नवा नाही. नवा आहे तो पाण्यावरील करमणुकीचा व्यवसाय. पवना जलाशयाच्या काठी सहलीला येणाऱ्यांमुळे गावोगावच्या तरुणांना रोजगार मिळतो, ही इष्टच गोष्ट होय. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये याच जलाशयात होडी उलटून दोन तरुणांचा अंत झाला. नौकेचे अपघात पाण्यात घडतात. त्यांची कारणे मात्र बहुधा काठावरच तयार झालेली असतात.

पहिले कारण हवामानाची उपेक्षा. पवनेचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळून पुढे उजनी जलाशयात जाते. तेथे २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला; सहा जण बुडाले. विस्तीर्ण जलाशयावर वाऱ्याला आडोसा नसतो. वळवाचे ढग दिसताच होडी सोडू नये. सोडलेली असल्यास जवळच्या काठाला आणावी.

दुसरे कारण गर्दी. बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शालेय सहलीतील १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. एका फेरीऐवजी दोन फेऱ्या केल्याने सहलीचे काही बिघडत नाही. भार वाढला की नौकेचा काठ पाण्यालगत येतो. त्यात कोणी उभे राहिले, किंवा छायाचित्रासाठी सारेच एका बाजूस सरकले, तर तोल जाण्यास क्षणही पुरतो. आत शिरलेले पाणीही कललेल्या बाजूकडेच धावते.

तिसरे कारण जीवरक्षक जाकिटाविषयीची अनास्था. जाकीट बाकाखाली ठेवण्यासाठी नसते. बुडत्याला ते शोधून, अंगात घालून, पट्टे आवळण्यास अवधी मिळत नाही. म्हणून पट्टे बांधल्याखेरीज कोणालाही नौकेत पाऊल ठेवू देऊ नये. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नाही. मुलांना त्यांच्या मापाचे जाकीट हवे. मद्यप्राशन केलेल्यास तर नौकेत घेऊच नये.

एवढे करूनही नौका उलटलीच, तर तिला धरून राहावे. काठ दिसतो त्याहून दूर असतो. काठावरील माणसाने पाण्यात उडी न घेता दोर, बांबू किंवा दोर बांधलेला रिकामा डबा फेकावा आणि ११२ क्रमांकावर कळवावे. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास देणे व छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करावे. हे कौशल्य शिक्षक, नावाडी व ग्रामपंचायत सदस्यांनी प्रशिक्षण घेऊन आत्मसात करावयास हवे.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये यांत्रिक नौकांना तपासणी व नोंदणी आवश्यक आहे. बिनयांत्रिक होड्यांची नोंद पंचायतीच्या पातळीपर्यंत ठेवता यावी, अशीही त्यात योजना आहे. गावात होड्या किती, प्रत्येकीत माणसे किती बसावीत आणि जाकिटे किती, एवढे तरी ग्रामपंचायतीला ठाऊक असावे. होडीच्या अंगावर माणसांची संख्या ठळक रंगविण्यास फारसा खर्च येत नाही.

गर्दीच्या दिवशी "आता होडी सुटणार नाही" असे ठामपणे सांगणारा नावाडी त्या दिवसाचे चार पैसे गमावील. परंतु गावाचा व्यवसाय आणि पाहुण्यांचे प्राण त्याच्या त्या एका शब्दाने राखले जातात. अशा नावाड्याच्या पाठीशी गावाने उभे राहिले पाहिजे.