पीटर कोल्विट्झ आणि त्याचे घर



पीटर कोल्विट्झ हा बर्लिनचा मुलगा २२ ऑक्टोबर १९१४ च्या रात्री बेल्जियममध्ये, डिक्समाउडे गावाजवळ मारला गेला. वय अवघे अठरा. पहिल्या महायुद्धात लक्षावधी तरुण बळी गेले, त्यांतला हा एक. त्याच्या नावावर कोणताही पराक्रम नोंदलेला नाही. तरीही समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याची हकीकत जाणून घेतली पाहिजे, कारण तो ज्या घरात वाढला ते घर आपल्यासारख्यांचेच होते.

वडील कार्ल हे बर्लिनच्या एका कामगार वस्तीत आजारविमा निधीचे डॉक्टर. आई केटे ही विख्यात चित्रकर्ती. विणकरांचा उठाव आणि शेतकऱ्यांचे बंड हे तिच्या चित्रमालांचे विषय. तिचे वडील कायदा शिकलेले. पण प्रशियाच्या राजवटीत आपल्या मतांना स्थान नाही हे ओळखून त्यांनी गवंडीकाम पत्करले. भाऊ कोनराड याचा तर खुद्द एंगल्सशी पत्रव्यवहार. पक्ष या घरात बाहेरून आलेला नव्हता.

४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन संसदेत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभासदांनी युद्धकर्जाच्या बाजूने मते दिली. कालपर्यंत आंतरराष्ट्रीय बंधुत्वाचे ठराव करणारा पक्ष एका दिवसात कैसरच्या मागे उभा राहिला. (कार्ल लीबक्नेख्ट यांनी एकट्याने विरोधी मत दिले ते त्यानंतर, २ डिसेंबरला. पहिल्या वेळी पक्षशिस्त म्हणून तेही गप्प राहिले होते.) हा सारा इतिहास अभ्यासवर्गांतून नेहमी सांगितला जातो. त्याच आठवड्यात त्या पक्षाच्या माणसांच्या घरांत काय घडत होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पीटर सुट्टीत मित्रांबरोबर नॉर्वेत भटकायला गेला होता. युद्धाची वार्ता कळताच तो परतला व स्वेच्छेने सैन्यात जाण्याचा हट्ट धरून बसला. एकवीस वर्षांखालील मुलाला वडिलांची संमती लागे. कार्ल यांनी ठाम नकार दिला. तेव्हा मुलगा आईकडे वळला, आणि आईने नवऱ्याची मनधरणी करून ती संमती मिळवली. युद्धकर्जाच्या मतदानाला त्या वेळी आठवडाही झाला नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस मृत्यूची बातमी घरी पोहोचली.

केटेला दोष देणे सोपे आहे. तिने तो स्वतःला जन्मभर दिला. पण जिथे पक्षाचे अनुभवी पुढारी वाहून गेले, तिथे अठरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतली चमक पाहणाऱ्या आईने एकटीने पाय रोवून उभे राहावे, ही अपेक्षा न्यायाची नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये, पराभव समोर दिसत असताना, कवी रिचर्ड डेमेल यांनी उरल्यासुरल्या तरुणांनी रणांगणावर जावे असे आवाहन केले. त्याला तिने पक्षाच्याच ‘फोरव्हेर्ट्स’ या दैनिकातून जाहीर उत्तर दिले. पेरणीसाठी राखलेले बियाणे दळू नये, हा गटेचा विचार तिने त्यात पुढे केला. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला हात न लावणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

मुलाच्या स्मारकाचे काम तिने १९१४ च्या अखेरीसच हाती घेतले. पहिल्या कल्पनेत मुलाचा आडवा देह होता. काम अडले, सुटले, पुन्हा सुरू झाले. १९३२ मध्ये ते दफनभूमीत उभे राहिले तेव्हा त्यात मुलगा नव्हताच. दोन वेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले आईबाप. बाप स्वतःच्याच छातीला घट्ट मिठी मारून ताठ, आई पुढे वाकलेली. चेहरे कार्ल आणि केटे यांचे. पुढे पीटरची कबर आणि या मूर्ती व्लाड्स्लोच्या दफनभूमीत हलवण्यात आल्या. तिथे पंचवीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत.

पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि केटेला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात तिने आपले अखेरचे शिलामुद्राचित्र काढले. तीन मुलांना बाहूंखाली दडवून धरणारी एक म्हातारी आई, आणि शीर्षक तेच, बियाण्याविषयीचे. ते चित्र १९४२ च्या आरंभी पूर्ण झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात थोरल्या मुलाचा, हान्सचा, मुलगा रशियाच्या आघाडीवर मारला गेला. काकाच्या आठवणीसाठी त्याचे नाव पीटरच ठेवले होते.