जातीच्या रकान्यात न मावलेले मत



राज्यशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड केल्याबद्दल कार्यकारिणीचा आभारी आहे. अधिवेशन परभणीत भरवल्याबद्दल विशेष आभार. संत जनाबाईंच्या गंगाखेडचा आणि बी. रघुनाथांचा हा जिल्हा आहे. अध्यक्षाने मतदान-अभ्यासाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो मी घेतो, पण थोडक्यात. बरीच वर्षे मनात साचलेली एक गोष्ट आज बोलायची आहे.

वि. म. सिरसीकरांनी १९६२च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदाराचा अभ्यास केला आणि आपल्याकडे या विषयाची पायवाट पडली. १९७०मध्ये रजनी कोठारी यांच्या संपादनाखालील जात आणि राजकारणावरचा ग्रंथ आला. जातीमुळे राजकारण बिघडले एवढेच म्हणून थांबू नका, राजकारण जातीला कसे वापरते आणि बदलते ते पाहा, हा त्याचा सांगावा होता. सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे यांनी महाराष्ट्राच्या सत्ताकारणाची नीट मांडणी केली. तिकडे अमेरिकेत २०१६नंतर मत ओळखीवर पडते की पोटावर, हा वाद पेटला. ट्रम्प यांना मते पडली ती बंद कारखान्यांमुळे, की गोऱ्यांना आपले स्थान जाण्याची भीती वाटली म्हणून? डायना मुट्झ यांनी २०१८मध्ये दुसऱ्या बाजूने कौल दिला, त्यावर उलट लेख आले, आणि वाद अजून चालू आहे. आढावा इथे संपवतो.

काल दुपारच्या सत्रात आपल्यातही दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, २०२४च्या लोकसभेला मराठवाड्याने जातीवर मत दिले. दुसरा म्हणाला, सोयाबीनवर दिले. दोन्ही बाजूंनी तक्ते आले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझ्या परभणी जिल्ह्याचा माणूस मला दोन्हीकडे दिसला नाही.

दर निवडणुकीनंतर पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतून एकच निकाल ऐकायला मिळतो: पश्चिम महाराष्ट्र सहकारावर मत देतो, शहरे विकासावर देतात आणि मराठवाडा जातीवर देतो. जणू आमच्या माणसाला पोट नाही, कर्ज नाही, लेकराची काळजी नाही. ही मांडणी बाहेरच्यांनी केली तर समजू शकतो. पण आपण, याच मातीत नोकऱ्या केलेले, याच गावांत विद्यार्थी पाठवणारे प्राध्यापक, तीच मांडणी शोधनिबंधात उतरवतो याचा मला संताप येतो.

परभणीचेच उदाहरण घ्या. २०२४मध्ये शिवसेना उद्धव बाळासाहेब ठाकरे पक्षाचे संजय जाधव महायुतीच्या महादेव जानकरांविरुद्ध सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाल्यापासून मराठवाडा धुमसत होता. एक उमेदवार मराठा, दुसरा धनगर. सगळ्यांनी लिहून टाकले: मराठा विरुद्ध ओबीसी. पुरावा म्हणून आणखी एक गोष्ट पुढे केली गेली. ज्यांचा पावसाचा अंदाज गावोगाव मोबाइलवर ऐकला जातो ते पंजाबराव डख याच मतदारसंघात वंचित बहुजन आघाडीकडून उभे होते आणि ते मागे पडले. म्हणजे शेतकऱ्याने शेतीवर मत दिले नाही, असा निष्कर्ष. अहो, पाऊस कधी येईल हे सांगणारा माणूस आणि पिकाला भाव मिळवून देणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेतकऱ्याला चांगले कळते.

सहा महिन्यांनी विधानसभा झाली. मतदार तेच, जाती त्याच. जिंतूरला भाजपच्या मेघना बोर्डीकर, पाथरीला राष्ट्रवादीचे राजेश विटेकर, आणि गंगाखेडला जानकरांच्याच राष्ट्रीय समाज पक्षाचे रत्नाकर गुट्टे निवडून आले. ठाकरेंच्या पक्षाकडे परभणीची एकच जागा राहिली. जात सहा महिन्यांत बदलत नाही. जी गोष्ट बदललीच नाही ती बदललेल्या निकालाचे कारण कशी होईल, याचे उत्तर पहिल्या तटाने मला द्यावे.

पण दुसऱ्या तटानेही खूश होऊ नये. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ४,८९२ रुपये होता आणि आमच्या मोंढ्यात माल त्याच्या बराच खाली जात होता. २०२१मध्ये याच सोयाबीनने दहा हजारांचा भाव पाहिला होता. भावावर मत पडले असते तर राज्यातले सरकार पडायला हवे होते. ते का पडले नाही, हे मला सेलू तालुक्यातल्या एका बाईने एका वाक्यात सांगितले. आमची विद्यार्थिनी तिला विचारत होती, काकू, सोयाबीनला भाव नाही, तरी मत कसे दिले? ती म्हणाली, "बाई, सोयाबीनचा पैसा यांच्या खात्यात येतो. दीड हजार माझ्या खात्यात आले." आपण घर धरून उत्पन्न मोजतो. मत माणूस देतो, घर देत नाही. हे दीड हजार देणाऱ्या लाडकी बहीण योजनेवर आपल्याकडे एवढे कागद काळे झाले, पण पैसा कोणाच्या हातात येतो हा प्रश्न आपल्या फॉर्मवर अजून नाही.

फॉर्मचाच विषय निघाला म्हणून मुद्द्यावर येतो. आपल्या फॉर्मवर जातीचा रकाना पहिल्या पानावर असतो. जमीन असली तर एकरात. कर्ज नाही, मुलाच्या शिक्षणाचा खर्च नाही, ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल नाही. त्या एका रकान्यावर सगळे तक्ते उभे राहतात आणि मग आपण म्हणतो, मतदाराने जात पाहिली. जे विचारले तेच दिसणार.

पालम तालुक्यातल्या एका गावात, आंदोलन जोरात असताना, माझे विद्यार्थी तीन एकरवाल्या एका मराठा शेतकऱ्याच्या ओट्यावर बसले होते. मीही होतो. फॉर्म भरून झाला तेव्हा तो मला म्हणाला, "सर, जात इचारली, जमीन इचारली. लेकराची फीस इचारलीच नाही की." मग त्याने स्वतःच सगळे सांगितले. आजोबांच्या नावावर मोठे शेत होते, वाटण्या होत त्याच्याकडे तीन एकर आले. मुलगा लातूरला शिकवणीला होता. दोन वर्षांत त्याच्यावर झालेला खर्च शेताच्या कमाईतून निघालेला नव्हता. त्याला कुणबी प्रमाणपत्र हवे होते ते मिरवायला नव्हे. गुणवत्ता यादीत चार गुणांनी मागे पडलेल्या पोराला ओबीसी आरक्षणातून जागा मिळावी म्हणून हवे होते. निजामाच्या काळातल्या कागदांत नोंद सापडते का, हे बघायला तो तहसीलला खेटे घालत होता. या माणसाच्या मताला तुम्ही जातीचे मत म्हणता?

आणि दुसऱ्या, म्हणजे ओबीसी बाजूचा माणूस? गंगाखेड तालुक्यातली वंजारी समाजातली एक बाई, दिवाळीनंतर कारखान्यावर ऊस तोडायला जायच्या तयारीत. ट्रॅक्टरवर भांडी, पांघरुणे, कोंबड्या. उचल घेतलेली, तीही फिटेल की नाही याची खात्री नाही. ती म्हणाली, "भाऊ, लेकरू हॉस्टेलला लागलं की आमचा कोयता सुटल." वसतिगृह, नोकरी, गावच्या सरपंचपदाची एखादी राखीव पाळी, एवढ्याच दारांतून तिच्या घरात काही आत येते. ते दार कोणी अरुंद करतोय असे तिला वाटले तर ती त्याच्या विरुद्ध मत देणार. तीन एकरवाला आणि कोयतेवाली, दोघांचे भांडण एकाच कमी पडलेल्या भाकरीवरून आहे. आपण त्याला दोन जातींचे वैर म्हणून नोंदवतो.

इतिहास काय सांगतो? १९५२च्या पहिल्या निवडणुकीत परभणीने शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे लोकसभेत पाठवले. १९७७ला पुन्हा शेकापचेच शेषराव देशमुख. त्या मतांमध्ये मराठा शेतकरी मोठ्या संख्येने होता, हे कोणीही नाकारणार नाही. तरी त्याला कोणी जातीचे मत म्हटले नाही, शेतकऱ्याचे मत म्हटले. त्याचा नातू शेतीतून बाहेर पडायची वाट मागतो तेव्हा मात्र तो जातीयवादी ठरतो. हा न्याय मला मान्य नाही.

बाबासाहेबांनी १९३८च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू एकाच भाषणात सांगितले. दीड वर्ष आधी काढलेल्या पक्षाचे नावही त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष ठेवले होते. दोन्ही शत्रू एकत्र पाहण्याची ही रीत आपल्याकडे होती आणि आपण ती सोडून दिली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. त्याला भावनिक प्रश्न म्हणून पुस्तकात बसवले गेले. ज्या गावांत मी नंतर फिरलो तिथे मला गायरानाची भांडणे ऐकायला मिळाली, गावकी सोडलेल्या माणसांवरचा राग ऐकायला मिळाला, शिकून नोकरीला लागलेल्या पोराच्या इस्त्रीच्या कपड्यांचा राग ऐकायला मिळाला. त्यात अपमान होता आणि जमीनही होती. अपमानाला दर लावता येत नाही, हे मी पूर्णपणे मानतो. म्हणून सगळे अर्थकारणच आहे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी उभा नाही. दोन्ही गोष्टी ज्या माणसात एकत्र राहतात त्याला फाडून दोन रकान्यांत टाकू नका, एवढेच म्हणतो.

आणि ओळखीचे राजकारण खालून उगवते, हा समजही सोडा. या जिल्ह्यात वर्षानुवर्षे "खान की बाण", म्हणजे मुसलमान की शिवसेना, हा प्रश्न मतदारापुढे ठेवला गेला. तो कोणत्या शेतकऱ्याने तयार केला नव्हता. दुधनेचे पाणी शेवटच्या चारीपर्यंत का येत नाही, जायकवाडीच्या कालव्याच्या टोकाला पाळी का मिळत नाही, याचे उत्तर ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी तो पुढे केला. या घोषणेने परभणीची एक पिढी वाया घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता टक्केवारीबद्दल. मतदारसंघात अमुक समाज इतके टक्के, हे आकडे येतात कुठून? जनगणनेत सगळ्या जातींची प्रसिद्ध झालेली शेवटची मोजणी १९३१ची. त्यावर अंदाज, अंदाजावर अंदाज, आणि मग कार्यकर्त्याच्या वहीतला आकडा प्राध्यापकाच्या तक्त्यात. येत्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे, ती मोजावीच. पण त्याबरोबर जमीन, स्थलांतर आणि शिक्षण यांच्याशी जोड घालता आली नाही तर आपल्या हाती पुन्हा एक रकानाच येईल.

करण्यासारखी कामे आहेत. केंद्रनिहाय निकालाचा फॉर्म २० निवडणूक आयोगाकडे उपलब्ध असतो. तो गावाच्या पीकपद्धतीशी, सिंचनाशी, ऊसतोडीच्या स्थलांतराशी जुळवता येईल. सुरुवात परभणी आणि हिंगोलीपासून करावी असे वाटते. तपशील कार्यकारिणीने ठरवावा, तरुण सहकाऱ्यांनी पुढे यावे.

संध्याकाळी खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. जातीची टक्केवारी देणारा आणि जमीन, कर्ज व शिक्षणखर्च न विचारणारा कोणताही निबंध आपल्या परिषदेने यापुढे स्वीकारू नये. ज्यांना तो पटत नाही त्यांनी विरोधात बोलावे, मी ऐकेन. बाकीच्यांनी त्याला हात वर करून पाठिंबा द्यावा, ही विनंती.