रंग किती वर्षं टिकेल?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सोसायटीला २५ वर्षं झाली, आता बाहेरून रंग द्यायचा ठरतोय. पैसा सगळ्यांच्या वर्गणीतला. एक रंगवाला सात वर्षं सांगतो, दुसरा दहा. पण रंग बाजारात नवा असेल, तर त्याची दहा वर्षं पाहिली कुणी?

त्याचं उत्तर प्रयोगशाळेत शोधतात. रंगवलेल्या पट्ट्या यंत्रात लावतात. एका नेहमीच्या पद्धतीत ६० अंश सेल्सिअसला आठ तास अतिनील प्रकाश, मग दिवे बंद करून ५० अंशांना चार तास दव. असं हजारो तास चालतं. दुसऱ्या यंत्रात झेनॉनचा दिवा असतो. त्याचा प्रकाश उन्हाच्या जास्त जवळचा, सोबत पाण्याचा फवारा. नंतर चमक किती गेली, रंग किती उतरला, हे मोजतात. अतिनील किरणांनी रंगातला चिकट भाग तुटतो आणि रंगद्रव्य मोकळं होतं. जुन्या भिंतीवर हात फिरवला की खडूसारखी पूड लागते, ती हीच.

आता तुम्ही म्हणाल, यंत्रातले हजार तास म्हणजे किती वर्षं? याचा एकच ठरलेला हिशोब नाही. दिवा, रंग आणि गाव बदललं की उत्तर बदलतं. म्हणून अमेरिकेत फ्लोरिडाच्या उन्हात आणि दमटपणात पट्ट्या वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून यंत्राचा निकाल पडताळतात. यंत्राचा खरा उपयोग दोन रंगांची तुलना करायला.

शिवाय आपल्या गच्चीतून झिरपणारं पाणी, ओला गिलावा, घाईत मारलेली पुट्टी यंत्राला कुठून कळणार? पोपडे बहुतेक तिथूनच सुटतात. किनवटचं मे महिन्याचं ऊन आणि त्यावर पैनगंगेकाठचा पाऊस, ही आपली खरी परीक्षा.

म्हणून कमिटीला तीन सूचना. कोटेशन घेताना कोणती चाचणी, किती तास, हे लेखी मागा. वॉरंटीत फक्त पोपडे धरलेत की रंग फिका पडणंही, ते वाचा. आणि दोन्ही रंगांचे दोन-दोन हात सिमेंटच्या पत्र्याच्या तुकड्यांवर मारा. काही गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून ठेवा, तसेच काही ऑफिसच्या कपाटात. एक उन्हाळा, एक पावसाळा गेला की शेजारी धरून बघा. दहा वर्षांचं भाकीत त्यातून निघणार नाही, पण दोघांत आधी कोण हार मानतो ते दिसेल. तोवर गच्चीची गळती बंद करून घेऊ.