नोकरीची निवड : पगार, बढती आणि स्थैर्य
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या नोंदवहीत 'सरकारी नोकरीस प्राधान्य' हे शब्द वारंवार आढळतात. त्यामागील पालकांची काळजी रास्त आहे. परंतु नोकरी तीन गोष्टींनी पारखावयाची असते : आरंभी हाती काय पडते, पुढे वाढ कशी होते आणि ती टिकते किती. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील चार क्षेत्रे आपण या कसोट्यांवर घासून पाहू.

प्रथम सरकारी कचेरी. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनातील लिपिक-टंकलेखकाचे आरंभीचे मूळ वेतन १९,९०० रुपये. त्यावर महागाई व घरभाडे भत्ते. वार्षिक वाढ सुमारे ३ टक्के. बढती सावकाश होते, पण नोकरी सहसा जात नाही. मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाची हमी सर्वसाधारणपणे राहिलेली नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

राष्ट्रीयीकृत बँकेत २०२४ च्या वेतनकरारानुसार लिपिकाचे आरंभीचे मूळ वेतन २४,०५० रुपये आहे. अंतर्गत परीक्षा देऊन अधिकारपदावर चढता येते. मात्र बदलीची तयारी हवी.

तिसरे क्षेत्र कारखान्यांचे. पिंपरी, भोसरी, चाकण येथे एकाच यंत्रावर दोन कामगार उभे असतात. एक कायम, त्याची वेतनवाढ युनियनच्या कराराने ठरते. दुसरा कंत्राटी, त्याचा पगार त्याहून पुष्कळ कमी. म्हणून 'मुलगा अमुक कंपनीत आहे' एवढे पुरेसे नाही. नाव कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या, हे विचारावे. विजेवरील वाहने वाढतील तसे इंजिनाचे सुटे भाग घडविणाऱ्यांना नवे काम शिकावे लागेल.

चौथे क्षेत्र हिंजवडी, खराडी येथील संगणक-उद्योगाचे. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवख्या अभियंत्यास वर्षाला साधारण साडेतीन लाख मिळतात आणि हा आकडा दहा-बारा वर्षे फारसा हललेला नाही. पुढील वाढ मात्र कौशल्याप्रमाणे झपाट्याने होऊ शकते. स्थैर्याची गोष्ट निराळी : २०२५ च्या जुलैत देशातील अशा सर्वांत मोठ्या कंपनीने सुमारे २ टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले.

सभ्यहो, कायमची म्हणून गणलेली क्षेत्रेही डळमळलेली आपण पाहिली आहेत. मुंबईची गिरणी ही एके काळी पोटापाण्याची खात्री होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतील पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ साली केंद्र सरकारने उभारला. तेथील कामगारांवरही पुढे थकलेल्या पगाराची वाट पाहण्याची पाळी आली.

दुसरीकडे, सरकारी परीक्षांसाठी पुण्याच्या पेठांतून खोल्या घेऊन राहिलेल्या तरुणांची वर्षे पाहा. खुल्या प्रवर्गास वयोमर्यादा ३८ आहे, म्हणून तोवर वाट पाहत बसणे शहाणपणाचे नव्हे. जागा थोड्या, उमेदवार असंख्य. पंचविशी ते तिशीतील न मिळविलेला पगार आणि न आलेला अनुभव यांची किंमत कोणताही वेतन आयोग भरून देत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. परीक्षेस बसणाऱ्याने, मुलगा असो वा मुलगी, प्रयत्नांची संख्या घरातील वडीलधाऱ्यांसमक्ष आधीच ठरवावी आणि जोडीस एक विकाऊ कौशल्य शिकावे. खाजगी नोकरी करणाऱ्याने सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक ठेवावा. आणि आपल्या संघाने विद्यार्थी साहाय्यक निधीतून पदवीइतकाच आय. टी. आय.च्या शिक्षणालाही हात द्यावा.

वधूवरांच्या नोंदवहीत यापुढे नोकरीच्या नावाबरोबर अंगच्या कसबाचाही रकाना असावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.